नळमार्ग : आर्थिक लाभ व पर्यावरणीय धोके

खनिज तेल, नैसर्गिक वायू, शुद्ध केलेली इंधने तसेच पाण्यात कालवलेली खनिजांची पूड लांब अंतरावर नळांतून वाहून नेण्याच्या व्यवस्थेस नळमार्ग म्हणतात. नळमार्गामुळे होणारी खर्चाची बचत आणि जमीन, पाणी, वने व मनुष्यवस्ती यांना पोहोचू शकणारी हानी यांची तुलना करून असा मार्ग टाकावा की नाही, हे ठरविण्यात येते. महाराष्ट्रात हा प्रश्न प्रथम पश्चिम किनाऱ्यावर तेलाच्या संदर्भात उद्‌भवला. अलीकडे तो गडचिरोली व चंद्रपूर या वनव्याप्त जिल्ह्यांत लोहखनिजाच्या संदर्भात पुढे आला आहे.

तेलवाहतुकीचा पहिला यशस्वी नळमार्ग सॅम्युएल व्हॅन सायकेल याने १८६५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात टाकला. त्याची लांबी अवघी सु. ८ किमी. होती. तोवर तेलाची पिंपे घोडागाड्यांतून जात असत. आपला धंदा बुडणार हे ओळखून गाडीवानांनी नळ उखडण्याचा प्रयत्न केला आणि अखेर मार्गावर सशस्त्र पहारा बसवावा लागला. वाहतूक स्वस्त होते ती मुख्यतः माणसांचे श्रम वाचल्यामुळे; म्हणून रोजगारनिर्मिती हा नळमार्गाचा लाभ म्हणून सांगितला जातो, तेव्हा तो बांधणीच्या काळापुरता असतो, हे लक्षात घ्यावे लागते. मार्ग चालू झाल्यावर पंपघरे व देखरेख यांसाठी थोडीच माणसे पुरतात. खरा लाभ असतो तो इंधनाच्या बचतीचा, अखंड पुरवठ्याचा आणि रस्त्यांवरील व लोहमार्गांवरील भार हलका होण्याचा.

भारतात नाहरकटियापासून बरौनीपर्यंतचा ११५७ किमी. लांबीचा अशुद्ध तेलाचा मार्ग १९६२–६४ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. महाराष्ट्रात १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडल्यानंतर उरणपर्यंत समुद्रतळावरून नळ टाकण्यात आले. त्यामुळे जहाजांतून तेल उतरविण्याची, पावसाळ्यात हमखास अडणारी पद्धत मागे पडली. मात्र १७ मे १९९३ रोजी याच मार्गावरील नळ फुटून सु. ६,००० टन तेल समुद्रात सांडले व त्याचा तवंग कोकण किनाऱ्याच्या काही भागास लागला. ज्या मच्छीमारांच्या जाळ्यांना तेल लागते, त्यांचा त्या तेलाच्या किमतीत कोणताही वाटा नसतो. लाभ एकाकडे व हानी दुसऱ्याकडे, ही स्थिती या विषयात वारंवार आढळते.

नळमार्गांच्या बाजूने मांडली जाणारी आकडेवारी सामान्यतः खरी असते. दर टन-किलोमीटरमागे होणारे अपघात रस्त्यावरील टँकरांच्या मानाने नळांत पुष्कळच कमी असतात. तथापि टँकर उलटला, तर त्यातील तेलापुरतीच हानी होते. नळ फुटल्यास गळती ध्यानात येईपर्यंत तेल वाहतच राहते. अमेरिकेतील कॅलमझू नदीजवळ जुलै २०१० मध्ये नळ फुटला, तेव्हा नियंत्रण कक्षातील धोक्याच्या सूचनांचा अर्थ चुकीचा लावला गेला, पंप पुन्हा दोनदा चालू करण्यात आले आणि गळती ओळखण्यास सु. १७ तास लागले. ३,००० घ. मी. हून अधिक तेल बाहेर पडले. सफाईचा खर्च शंभर कोटी डॉलरांच्या पुढे गेला. क्वचित घडणाऱ्या, पण घडल्यास प्रचंड हानी करणाऱ्या अशा घटना सरासरीच्या हिशेबात बुडून जातात.

गडचिरोलीतील उदाहरण : एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात उच्च प्रतीचे लोहखनिज आहे. या परिसरातील माडिया गोंडांचे ठाकूरदेव हे दैवत याच डोंगरावर असून त्याची दरवर्षी यात्रा भरते. लॉइड्स मेटल्स या कंपनीस २००७ मध्ये सु. ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मिळाला. परिसरातील ग्रामसभांचा विरोध आणि माओवाद्यांचा हिंसाचार यांमुळे काम दीर्घकाळ रखडले. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी येथील ७५ हून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून उत्खननाने वेग घेतला व २०२३ मध्ये वार्षिक १ कोटी टन उत्पादनास पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली.

हे खनिज बाहेर न्यायचे कसे, हा यातील कळीचा प्रश्न. एका मालमोटारीत २५ टन खनिज धरल्यास १ कोटी टनांसाठी वर्षाला ४ लाख खेपा कराव्या लागतात. म्हणजे दररोज सु. १,१०० भरलेल्या गाड्या जातात आणि तितक्याच रिकाम्या परततात. आलापल्ली–आष्टी मार्गावरील रहदारीने रस्त्याची झालेली चाळण, प्राणघातक अपघात व पिकांवर बसणारी लाल धूळ यांबद्दल लोकांच्या तक्रारी सतत होत राहिल्या. यावर उपाय म्हणून हेडरी ते कोनसरी (ता. चामोर्शी) असा सु. ८५ किमी. लांबीचा, वर्षाला १ कोटी टन क्षमतेचा नळमार्ग टाकण्यात आला. जुलै २०२५ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले.

या पद्धतीत खनिज पिठासारखे बारीक दळून पाण्यात मिसळतात. या मिश्रणास स्लरी म्हणतात. तिची घनता राबडीसारखी असते. वेग फार कमी झाल्यास पूड तळाशी बसून नळ तुंबतो व फार वाढल्यास नळ आतून झिजतो, म्हणून तो सेकंदाला सु. दीड ते दोन मीटर एवढा राखतात. वीज गेली किंवा पंप बंद पडला, तर नळ रिकामा करता यावा यासाठी वाटेत मोठी तळी ठेवावी लागतात. शेवटी पाणी गाळून काढून पुडीच्या गोळ्या (पेलेट) बनवितात. मिश्रणात वजनाने ६५ टक्के खनिज धरले, तर १ कोटी टनांबरोबर वर्षाला सु. ५४ लाख घ. मी. पाणी वाहते. ते गाळून पुन्हा वापरता येते, परंतु जेथून घेतले त्या खोऱ्यात ते आपोआप परत जात नाही.

लोहखनिजाची पूड तेलासारखी विषारी अथवा ज्वालाग्राही नाही. ती ओढ्यात गेली, तर पाणी तांबडे होते, तळावर गाळाचा थर बसतो, माशांची अंडी व पाणवनस्पती गुदमरतात आणि काठावरच्या गावांचे पिण्याचे पाणी बिघडते. ब्राझीलमधील मिनास-रिओ या ५२९ किमी. लांबीच्या स्लरी मार्गास मार्च २०१८ मध्ये एकाच महिन्यात दोनदा गळती लागली व तो अनेक महिने बंद ठेवावा लागला. छत्तीसगढमधील बैलाडिला ते विशाखापटनम् या सु. २६७ किमी. लांबीच्या मार्गाची माओवाद्यांनी २००९ मध्ये मोडतोड केली होती. सुरजागडच्या परिसरास तो अनुभव परका नाही.

या सर्वांहून बोधप्रद उदाहरण कर्नाटकातील कुद्रेमुखचे होय. तेथून मंगळूरपर्यंत सु. ६७ किमी. लांबीचा स्लरी मार्ग सह्याद्रीच्या सदाहरित वनांतून टाकण्यात आला. सर्व खनिज इराणला जावयाचे, असा करार होता. पण १९७९ च्या क्रांतीनंतर तो कोलमडला व प्रकल्पाला नवे ग्राहक शोधावे लागले. भद्रा नदीत गाळ साचत गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयानुसार २००५ अखेर तेथील उत्खनन थांबले. अनिश्चितता केवळ धोक्यांच्या बाजूलाच असते असे नाही, लाभाच्या बाजूलाही असते, हे कुद्रेमुखच्या हिशेबावरून दिसून येते.

मोजमापाच्या अडचणी : खर्च-लाभ विश्लेषणात सर्व गोष्टी पैशांत मांडतात आणि भावी रकमांना बट्टा लावून त्यांचे आजचे मूल्य काढतात. लाभ पहिल्या वीस-तीस वर्षांत हाती येतो. तोडलेले साग-बांबूचे वन पूर्ववत होण्यास, झालेच तर, त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. त्यामुळे बट्ट्याचा दर जरा चढा धरला, की वनाची हानी कागदावर नगण्य ठरते. वनजमिनीच्या निव्वळ वर्तमान मूल्याचे दर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेक्टरी ४·३८ लाख ते १०·४३ लाख रुपये असे मान्य केले होते. पुढे ते वाढविण्यात आले. या आकड्यांत मोहफुले, तेंदूपाने, चारोळी, बांबू व औषधी वनस्पती यांवर चालणारे संसार पुरेसे उतरतात असे म्हणता येत नाही. पोंभुर्ण्याशेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावास २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. गावाने बांबूची विक्री स्वतः हाती घेतली, आणि तेंदूपानांसाठी झाडांची छाटणी होते व वणवे लागतात म्हणून तो व्यवसाय बंद केला. वनातून उत्पन्न किती घ्यावे आणि किती सोडावे, याचा हा गावाने स्वतः मांडलेला हिशेब होता.

कायद्याची भूमिका येथे महत्त्वाची ठरते. १९६२ च्या पेट्रोलियम नळमार्ग अधिनियमास १९७७ मध्ये खनिजांच्या नळमार्गांची जोड देण्यात आली. त्यान्वये जमीन मूळ मालकाकडेच राहते. सरकार फक्त वापराचा हक्क संपादन करते आणि त्याबद्दल बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. पिकांची प्रत्यक्ष हानी झाल्यास तिची भरपाई वेगळी असते. संपादित पट्ट्यात घर बांधणे, विहीर खणणे किंवा झाड लावणे यांस मात्र मनाई आहे. धानाच्या बांधीवर याचा परिणाम थोडा, परंतु बांधावरच्या मोहाच्या झाडावर जगणाऱ्या कुटुंबास तो कायमचा भोवतो. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींना अधिकार दिले आहेत. ग्रामसभेचा ठराव मार्ग आखण्यापूर्वी घेतला जातो की आखून झाल्यावर, यावर त्या अधिकारांचे मोल अवलंबून असते.

हेडरी–कोनसरी मार्ग पोंभुर्णा तालुक्यातून (जि. चंद्रपूर) जात नाही, हा तालुका वैनगंगेच्या पश्चिमेस आहे. वैनगंगा पुढे वर्धेस मिळून प्राणहिता बनते व संगमालगत चपराळा अभयारण्य आहे. त्यामुळे या खोऱ्यात कोठेही मोठी गळती झाल्यास तिचा परिणाम एका जिल्ह्यापुरता राहणार नाही. शिवाय पोंभुर्णा तालुक्यातील ठाणेवासना येथे ताम्रखनिज आढळले आहे. ते गंधकयुक्त असल्याने त्याच्या पुडीचा हवा व पाणी यांच्याशी दीर्घकाळ संपर्क आल्यास आम्ल तयार होते आणि तांबे पाण्यात विरघळते. विरघळलेले तांबे अल्प प्रमाणातही माशांना घातक असते. लोहखनिजाच्या नळासाठी पुरेशी ठरलेली सुरक्षिततेची मोजमापे अशा खनिजास लावता येणार नाहीत.