चहाच्या रंगाचे तळे आणि कार्बनचा हिशेब

तळी आणि दलदली कार्बन शोषून घेतात, असे पर्यावरणाच्या चर्चेत आपण नेहमी ऐकतो. हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागातले ट्राउट बॉग हे छोटे तळे पाहू. क्षेत्रफळ सुमारे १.१ हेक्टर, कमाल खोली जवळपास ८ मीटर. या भागातील तळ्यांचा दीर्घकालीन अभ्यास १९८१ पासून सुरू आहे.

काठावर स्फॅग्नम मॉसची गादी पसरलेली आहे. पाणी आम्लधर्मी आणि कोऱ्या चहासारखे तपकिरी. चहाची पाने पाण्यात रंग सोडतात, तसाच अर्धवट कुजलेल्या मॉसमधून आणि पाल्यातून सेंद्रिय कार्बन पाण्यात विरघळतो. म्हणजे अशा तळ्यातला बराचसा कार्बन काठावरून येतो.

पुढे त्याच्या तीन वाटा होतात.

पहिली वाट हवेची. जिवाणू हा कार्बन खातात आणि श्वसनातून कार्बन डायऑक्साइड सोडतात. वरच्या थरात ऊनही सेंद्रिय रेणू तोडते. थोडा कार्बन जिवाणूंना खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांकडे जातो.

दुसरी वाट गाळाची. तपकिरी पाण्यात ऊन खोल उतरत नाही. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, खालचे थंडच राहते आणि दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी ऑक्सिजन संपतो, कुजणे मंदावते, कार्बन साठतो.

तिसरी वाट मिथेनची. ऑक्सिजन नसलेल्या गाळात काही सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. पाण्यात विरघळून वर येणारा बराचसा मिथेन इतर जिवाणू वापरून टाकतात, पण बुडबुड्यांतून सुटलेला थेट हवेत जातो.

मग असे तळे आणि दलदल बुजवावी का? मुळीच नाही. पीटच्या जमिनी पृथ्वीच्या भूभागाच्या सुमारे ३ टक्केच आहेत, पण जगातील सर्व जंगलांच्या झाडाझुडपांत मिळून आहे त्याहून जास्त कार्बन त्यांनी धरून ठेवला आहे. तो पाण्यामुळेच टिकतो. चर खणून पाणी काढले की हवा आत शिरते, कुजणे वेग घेते आणि हजारो वर्षांचा साठा हवेत जाऊ लागतो.

'पाणथळ म्हणजे पडीक' म्हणणाऱ्यांना उत्तर देताना आपण नुसत्या घोषणेवर थांबू नये. कार्बन कुठून आला, कुठे गेला, किती काळ थांबला, हे विचारावे. कार्यकारणभाव नीट मांडता आला, तर आपला मुद्दा सहज खोडता येणार नाही.