जुन्या यंत्रांना दूरचा हुकूम

प्रयोगशाळेतील वजनकाटा, कारखान्यातील तापनियंत्रक, वीज उपकेंद्रातील उपकरणे अशी कितीतरी यंत्रे आजही बाहेरच्या संगणकाशी एका जुन्या रीतीने बोलतात. ही रीत १९६० साली अमेरिकेत ठरली. तिचे नाव आर. एस. २३२. अरुंद पायवाटेवरून माणसांनी ओळीने जावे, तसे अक्षराचे आठ बिट एकाच तारेवरून एकामागून एक जातात. म्हणूनच या जोडणीस सिरियल पोर्ट म्हणतात. अक्षराच्या आरंभी व अखेरीस एकेक खूण धरली की दहा बिट होतात. सेकंदास ९६०० बिटांच्या वेगाने ९६० अक्षरे पोचतात, आणि अशा यंत्रांना तेवढी पुरतात.

अडचण येते ती अंतराची. मूळ नियमाप्रमाणे तार सुमारे ५० फुटांचीच असावी. मग यंत्र एका गावी आणि ते चालविणारा दुसऱ्या गावी असला तर काय करावे? उत्तम चालणारे यंत्र टाकून देणे शहाणपणाचे नव्हे. त्याऐवजी मध्ये एक दुभाष्या बसवितात. ही एक लहानशी पेटी असते. तिच्या एका अंगास सिरियल तार, दुसऱ्या अंगास संगणकांचे जाळे. जाळ्यातून आलेल्या पाकिटांतील अक्षरे ती यंत्राकडे धाडते व यंत्राचे उत्तर पाकिटात घालून परत पाठविते. पेटीचा वेग यंत्राच्या वेगाशी जुळला नाही, तर अक्षरांचा नुसता गोंधळ होतो. हा वेग दुरूनच ठरविण्याची एक रीत १९९७ साली आर. एफ. सी. २२१७ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली.

परंतु अशी बहुतेक जुनी यंत्रे हुकूम कोणाचा, हे विचारीत नाहीत. तार आखूड होती तोवर खोलीचे कुलूप हाच पहारा होता. जाळे जोडताच तो पुरेनासा होतो. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये वीज कंपन्यांच्या संगणकांत घुसलेल्यांनी दुरूनच उपकेंद्रांतील खटके पाडले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. शिवाय उपकेंद्रांतील अशाच दुभाष्या पेट्यांतला मूळ प्रोग्राम त्यांनी बिघडवून टाकला, त्यामुळे तेथे दुरून खटके पुन्हा लावता येईनात. अखेर कामगारांनी उपकेंद्रांत जाऊन ते हातांनी लावले, तेव्हा काही तासांनी दिवे लागले.

म्हणून ही पेटी उघड्या इंटरनेटवर कधीही ठेवू नये. तिचा मूळचा पासवर्ड बदलावा, संदेश गुप्तलिपीत न्यावेत आणि यंत्र हाताने चालविण्याची सोय व सवय, दोन्ही मोडू देऊ नयेत.