घडीतलं बळ

दोन मिलिमीटर जाडीचा, मीटरभर लांब पोलादी पत्रा दोन टोकांना धरून आडवा उचलला, तर मधोमध चक्क झोळ पडतो. त्याच पत्र्याच्या लांबीकडच्या दोन्ही कडा इंचभर दुमडल्या की झोळ जातो, मग मध्ये बसलं तरी चालतं. पत्रा तोच, वजन तेच. भोसरीतल्या एका वर्कशॉपात मी हे पाहिलं आणि कॉम्प्युटरचं भक्कम कॅबिनेट स्वतः करून घ्यायचं तिथेच ठरवलं.

बाजारातलं कॅबिनेट पाऊण मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्याचं असतं. मी दोनचा घेतला. ५०० × ५०० × २५० मिलिमीटरच्या पेटीला बरोबर एक चौरस मीटर पत्रा लागतो आणि दोन मिलिमीटर जाडीला त्याचं वजन भरतं १५.७ किलो. ०.७ मिलिमीटरच्या मानाने वजन तिप्पटही होत नाही, ताठपणा मात्र तेवीसपट होतो! कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

खरी गंमत बेंडिंग मशीनवर. पंच खाली येतो, पत्रा डायच्या खाचेत दबतो. घडीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली चेपते. मधे, जरा आतल्या अंगाला, एक रेषा मात्र ना ताणली जाते ना चेपते. पत्रा किती लांब कापायचा, हे ती न दिसणारी रेषा ठरवते. समजा १००, २००, १०० अशा बाहेरच्या मापांचा यू हवा आहे. बेरीज ४००, पण कापायचा ३९३, कारण आतली गोलाई दोन मिलिमीटर धरली तर प्रत्येक घडीमागे साधारण साडेतीन मिलिमीटर वजा करावे लागतात. मी पहिला तुकडा ४०० चाच कापून घेतला. दोन्ही बाजू साडेतीन-साडेतीन मिलिमीटरने उंच झाल्या आणि झाकण बसेना. शिवाय दाब सुटला की पत्रा किंचित उघडतो. म्हणून काटकोन हवा असला, तर कारागीर त्याच्याही थोडं पुढे दाबतो.

मदरबोर्डची मापं मात्र कुणालाच बदलता येत नाहीत. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स रचनेत पूर्ण बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा, आणि मागच्या कार्डांच्या खाचा २०.३२ मिलिमीटर अंतरावर. प्रत्येक खाच आधीच्या खाचेपासून मोजली आणि दर वेळी ०.२ चुकलं, तर सातव्या खाचेपर्यंत १.२ मिलिमीटरची चूक साचते. म्हणून सगळी मापं एकाच कडेपासून घ्यायची.

पोलादी पेटीचं आणखी एक काम दिसत नाही. ती आतल्या रेडिओलहरींचा गोंगाट आतच कोंडते. पंख्यांपुढच्या जाळीची भोकं पाच मिलिमीटरची, आणि वायफायची २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब. वारा खुशाल जातो, लहर अडते! पण त्यासाठी सगळे पत्रे विजेच्या दृष्टीने एकमेकांना जोडलेले लागतात आणि पत्र्यांवर रंगासाठी दिलेलं पावडर कोटिंग वीज जाऊ देत नाही.

कोटिंग भाजून भट्टीतून आलेलं कॅबिनेट काळंभोर, देखणं दिसत होतं. वीज आरपार गेली की वाजणाऱ्या मल्टिमीटरची एक पिन झाकणाला, दुसरी सांगाड्याला लावली. आवाज नाही. कारागिराने स्क्रूच्या भोकाभोवतीचं रुपयाएवढं कोटिंग पॉलिश पेपरने घासून काढलं, चकचकीत पोलाद दिसू लागलं, स्क्रू आवळला. पिना पुन्हा टेकवल्या आणि मीटर वाजला.