राहात्याचा पेरू आणि जगभरचे पेरू

राहाता म्हटलं की पेरू! नगर-मनमाड रस्त्यावर तिखट-मीठ लावलेली फोड न खाता पुढे गेलेला नगरकर विरळाच. पण हा शब्द भलताच फिरस्ता आहे.

पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’ म्हणजे नासपती. आपल्या फळाला नाव मिळालं ते तिच्यावरून, असं मानतात. (हिंदीवाल्यांचा ‘अमरूद’सुद्धा फारसीत नासपतीच!) फळ मूळचं अमेरिका खंडातलं, पेरू देशही तिथलाच, तरी नावाचा संबंध त्या देशाशी नाही.

त्याच पोर्तुगीजमध्ये ‘पेरू’ म्हणजे टर्की पक्षी. इंग्रजांनी त्याचं नाव तुर्कस्तानशी जोडलं, तर तुर्कस्तानात त्याला म्हणतात ‘हिंदी’. पक्षी बिचारा अमेरिकेचा, पण प्रत्येकाने तो दुसऱ्याच्या गळ्यात बांधला.

क्रोएशियन भाषेत ‘पेरू’ म्हणजे ‘ते धुतात’. मला सगळ्यात आवडतो तो तेलुगू ‘पेरु’, म्हणजे नाव. हैदराबादेत कुणी ‘मी पेरु एमिटि?’ म्हणालं, तर तो स्वतःला फळ म्हणवून घेत नाहीये. तुमचं नाव विचारतोय.

आणि पाऊस वेळेवर आला, तर आपल्याच पारनेर-पाथर्डीकडे ऐकू येतं, ‘चला, बाजरी पेरू!’