मोफत तपासणीची किंमत

चष्म्याच्या बहुतेक दुकानांबाहेर एक पाटी हमखास दिसते : ‘येथे संगणकावर डोळे मोफत तपासून मिळतील.’ आत गेल्यावर यंत्रावर हनुवटी टेकवायची आणि आतले फुग्याचे चित्र पाहायचे. अर्ध्या मिनिटात यंत्रातून चिठ्ठी बाहेर पडते. मग समोरच्या तक्त्यावरची अक्षरे वाचून झाली की नंबर ठरतो. यात जेमतेम दहा मिनिटे जातात. पुढचा अर्धा तास फ्रेम निवडण्यात आणि ‘काच साधी घ्यायची की कोटिंगची’ या चर्चेत जातो.

तपासणीचे पैसे कोणीच देत नसेल, तर तपासणाऱ्याचा पगार निघतो कुठून? अर्थातच फ्रेम आणि काचेच्या विक्रीतून. डोळ्यांची तपासणी किती सखोल होणार, हे बऱ्याच अंशी या व्यवहारावर ठरते. म्हणूनच ऑप्टोमेट्रिस्टची कमाई हा प्रश्न जितका त्याचा आहे, तितकाच रुग्णाचाही आहे.

तीन वेगवेगळी कामे

डोळ्यांशी संबंधित तीन व्यावसायिकांची लोक नेहमी गल्लत करतात. नेत्रतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. औषधोपचार आणि मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रिया तो करतो. डॉक्टरने दिलेल्या नंबरप्रमाणे काच घासून फ्रेममध्ये बसवतो, तो ऑप्टिशियन. या दोघांच्या मधला दुवा म्हणजे ऑप्टोमेट्रिस्ट. चष्म्याचा नंबर काढणे, कॉन्टॅक्ट लेन्स बसवणे, दोन्ही डोळे एकत्र नीट काम करतात का ते पाहणे आणि आजाराची शंका आल्यास रुग्णाला वेळेत डॉक्टरकडे पाठवणे, हे त्याचे काम. त्यासाठी बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी असून त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. सरकारी रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम करणारी मंडळीही याच क्षेत्रातली. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा बराचसा भार त्यांनीच उचलला आहे.

कित्येक वर्षे या व्यवसायाला देशपातळीवर वेगळा कायदा नव्हता. पदवीधर आणि दुकानात राहून शिकलेला, दोघांच्या पाट्या सारख्याच दिसत. २०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात ऑप्टोमेट्रीचाही समावेश झाला. शिक्षणाचा किमान दर्जा आणि व्यावसायिकांची नोंदणी हे त्याचे मुख्य हेतू आहेत.

पगार आणि ‘टार्गेट’

पदवी हातात पडल्यावर मुलांपुढे साधारण दोन रस्ते असतात. नेत्र रुग्णालयात शिकायला भरपूर मिळते. दिवसभरात नाना प्रकारचे रुग्ण पाहायला मिळतात, चूक झाली तर वर डॉक्टर असतात. पण सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. चष्म्याच्या साखळी दुकानांत वातानुकूलित जागा असते आणि विक्रीवर वरकड पैसे मिळू शकतात. मात्र विक्रीचे ‘टार्गेट’ही त्यासोबत येते. एका रुग्णाला पाऊण तास देणे आणि तेवढ्या वेळात तीन चष्मे विकणे, यांतून निवड करायची वेळ आली की चांगल्या माणसाचीही ओढाताण होते.

यात नुकसान कसे होते, ते पाहू. पंचेचाळिशीचा एक माणूस वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचू लागतो. चाळिशी लागली, म्हणून तो दुकानात जातो. लांबचे स्वच्छ दिसते, जवळचा नंबर निघतो, चष्मा मिळतो. सगळे समाधानी. पण काचबिंदूत सुरुवातीला समोरची नजर शाबूत असते. कडेची नजर हळूहळू जाते आणि दुखत मात्र काही नाही. नंबर काढताना तो सापडत नाही. त्यासाठी डोळ्याचा दाब मोजावा लागतो आणि मागची दृष्टीची नस पाहावी लागते. हा माणूस कदाचित पुढची दहा वर्षे डोळ्यांच्या डॉक्टरकडे फिरकणारही नाही. चाळिशीच्या चष्म्याच्या निमित्ताने आलेली संधी हुकते. चष्मा अचूक असतो, पण तपासणी अपुरी.

विशेष कौशल्याचे मोल

फ्रेम आता घरबसल्या मागवता येते, त्यामुळे केवळ विक्रीवर उभ्या असलेल्या दुकानाचा नफा आटत चालला आहे. हाताचे कौशल्य मात्र घरपोच मिळत नाही. म्हणूनच एखाद्या विषयात प्रावीण्य मिळवणाऱ्यांचे पारडे जड होते आहे.

कॉन्टॅक्ट लेन्सचेच घ्या. वयात येणाऱ्या मुलाचा आडवा-तिरपा नंबर, म्हणजे सिलिंडर, दर काही महिन्यांनी बदलत असेल आणि तो डोळे सतत चोळत असेल, तर केराटोकोनसची शंका घ्यावी लागते. यात बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. आजार वाढू नये म्हणून डॉक्टर उपचार करतात. पण पुढे चष्म्याने नीट दिसत नाही तेव्हा कडक किंवा स्क्लेरल लेन्सचाच आधार असतो. ती प्रत्येक डोळ्याच्या मापाने बसवावी लागते आणि पुन्हा पुन्हा तपासावी लागते. त्या वेळेची आणि कसबाची फी मागता येते आणि लोक ती देतातही.

मुलांच्या दृष्टीचे क्षेत्र असेच वाढते आहे. लहान मुलांचा नंबर डोळ्यांत थेंब घालून तपासावा लागतो, नाहीतर तो चुकू शकतो. आळशी डोळा लवकर सापडला तर सुधारतो. वाढता उणे नंबर रोखण्यासाठी खास काचा आणि रात्री घालायच्या लेन्सही आल्या आहेत. २०५० पर्यंत जगातील जवळपास निम्म्या लोकांना उणे नंबर असेल, असा अंदाज २०१६ साली संशोधकांनी वर्तवला होता.

तिसरे क्षेत्र अल्पदृष्टीचे. ज्यांची नजर उपचारांनीही परत येणार नाही, त्यांना भिंगे, दुर्बिणी, योग्य उजेड आणि सराव यांच्या मदतीने पुन्हा वाचते करायचे. गरज मोठी, पण पैसा कमी. त्यामुळे हे काम बहुतांशी धर्मादाय संस्थांवरच येऊन पडते.

दुकान की दवाखाना?

स्वतःचे काही उभे करायचे म्हटले की पहिला खर्च जागेचा आणि दुसरा यंत्रांचा. तिसरा चटकन लक्षात येत नाही, तो मालाचा. काच ऑर्डर आल्यावर मागवता येते. फ्रेमा मात्र शेकड्यांनी भिंतीवर लावाव्या लागतात. फॅशन बदलली की त्यात गुंतलेला पैसा अडकतो. मग तो सोडवण्यासाठी समोरच्याला महागडी फ्रेम गळ्यात घालण्याचा मोह होतो.

यावर उपाय म्हणजे तपासणीची फी वेगळी आकारायची, नंबर कागदावर लिहून द्यायचा आणि चष्मा कुठून घ्यायचा ते रुग्णावर सोडायचे. सुरुवातीला गिऱ्हाईक कुरकुरते. पण पन्नास जणांच्या नसा तपासताना एकाची शंका खरी निघाली आणि त्याची नजर वाचली, की त्याचे अख्खे कुटुंब त्याच दाराशी येते.

तालुक्याच्या गावात भाडे कमी आणि स्पर्धाही कमी. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आणि मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांजवळ दृष्टिकेंद्रे चालवून दाखवली आहेत. तिथे नंबर तपासून चष्मा देतात आणि गरज असेल त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तालुक्यात दवाखाना काढणाऱ्याने जवळच्या नेत्रतज्ज्ञाशी असाच पक्का संबंध ठेवला पाहिजे.

साध्या चष्म्याची ताकदही कमी लेखू नये. आसामातील चहामळ्यांत पाने खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा दिला, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची खुडणी सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शिवणकाम करणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या किती हातांना असा चष्मा हवा असेल!

डोळे तपासताना लक्षात ठेवा

तपासणाऱ्याचे शिक्षण विचारायला संकोच करू नका. नंबर कागदावर लिहून घ्या. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि दृष्टीची नस तपासून घ्या. घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्याआधीच. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी करा आणि साखर वर-खाली होत असताना नवा नंबर काढण्याची घाई करू नका. शाळेत जाण्यापूर्वी मुलांचे डोळे एकदा तपासा. आणि नीट तपासणीची रास्त फी कोणी मागितली, तर ती खळखळ न करता द्या.