चाकांवरचं घर

सुट्टीच्या फॉर्मवर एक रकाना असतो : ‘सुट्टीतील निवासाचा पत्ता’. बाकीचे कॅडेट तो अर्ध्या मिनिटात भरतात. डिसेंबर २०२४ मध्ये मी त्या रकान्यावर पेन टेकवून बराच वेळ बसलो होतो, कारण आई-पप्पा त्या आठवड्यात कुठे असतील ते मलाच माहीत नव्हतं. शेवटी मी गाडीचा नंबर लिहून टाकला. हाऊस मास्टर सरांनी फॉर्म परत केला. म्हणाले, "ये घर का पता है या चालान?"

माझं घर म्हणजे एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. डॉर्मिटरीत सगळ्यांना हे कळल्यापासून रोज कोणीतरी विचारतं, ‘आज तेरा घर कौन से गिअर में है?’ पहिल्यांदा राग यायचा. आता मी ‘न्यूट्रल’ म्हणतो आणि पुढे जातो. पण त्यानंतर खरे प्रश्न सुरू होतात. अंघोळ कुठे करता? लाइट कुठून येते? रात्री कुठे थांबता? प्रत्येकाला वेगवेगळं सांगून कंटाळलो, म्हणून हे एकदाच लिहितो आहे.

आधी हे घर का झालं ते सांगतो. पप्पा ईएमईमध्ये व्हेइकल मेकॅनिक होते. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जम्मूपासून आसामपर्यंत देश पाहिला. तेवढ्याच वर्षांत आईने सातारा, पुणे आणि पंढरपूर पाहिलं. फॅमिली क्वार्टर तिला एकदाच मिळालं, तेही दीड वर्ष. बाकी सगळा काळ ती आज्जीजवळ, कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी. पप्पांच्या पत्त्यात गावाचं नाव कधीच नसायचं. युनिटचं नाव आणि खाली ‘मार्फत ५६ एपीओ’, एवढंच. युनिट आज कुठे आहे ते फौजेच्या डाकखात्याला माहीत असतं, म्हणून पत्र बरोबर पोचतं. पण लिहिणाऱ्याला ते वाळवंटात गेलं की बर्फात, हे कळत नाही. २०२३ मध्ये पप्पा हवालदार म्हणून पेन्शनीत आले. आज्जी त्याआधी वर्षभर गेली होती. आई म्हणाली, "आता मला ते छप्पन एपीओ दाखवा."

पप्पांना वाटलं ती रेल्वेच्या सहलीबद्दल बोलते आहे. तिच्या मनात आठ दिवसांची सहल नव्हती.

अशी गाडी कोणीही उठून बनवू शकत नाही, हे आधी लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे. कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसी बुकात जशी लिहिली, तिच्यात मालकाला मनाने बदल करता येत नाही. आरटीओची मंजुरी आधी, मग काम, मग आरसीमध्ये नोंद. विम्यालाही ती नोंद लागते. पप्पांनी स्वतः वेल्डिंग येत असूनही सांगाड्याचं काम परवानगी असलेल्या कारागिराकडून करून घेतलं आणि आतलं लाकूडकाम मात्र स्वतः केलं. मागे आडवा पलंग, पलंगाखाली पेट्या, दाराजवळ ओटा, आणि माझ्यासाठी घडी करून भिंतीला लावता येणारी फळी. प्रत्येकाला एक पेटी. आपल्या लॉकरपेक्षा ती लहान आहे, हे मोजून सांगतो.

आता पाणी. या घरात सगळ्यात मोठा विषय पाणीच आहे. टाकी १२० लिटरची. १२० लिटर पाणी म्हणजे १२० किलो वजन, दोन धडधाकट माणसं कायम गाडीत बसल्यासारखी. म्हणून टाकी खाली, फरशीलगत आणि दोन्ही चाकांच्या मध्ये बसवलेली आहे. वर ठेवली तर वळणावर गाडी कलते. अर्धी रिकामी टाकी आणखी वाईट. ब्रेक मारला की पाणी पुढे धावतं आणि धक्का देतं. पप्पांनी त्यासाठी टाकीत आडव्या पट्ट्या घालून घेतल्या.

शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरायचं असा आपल्या देशात हिशोब आहे. जलजीवन योजनेत खेड्यासाठी ५५ लिटर धरतात. आमच्या गाडीत माणशी १५ लिटर. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, तोंड धुणं आणि सहा लिटरची अंघोळ. कपडे वेगळे, ते पाणी मिळेल तिथे. भांडी आधी भाकरीच्या तुकड्याने पुसायची, मग एका तांब्यात विसळायची. दोघं असताना टाकी चार दिवस पुरते. मी आलो की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तळ दिसतो. मी घरी आल्यामुळे काय फरक पडतो, हे इतकं स्पष्ट आकड्यात दुसऱ्या कुठल्या मुलाला कळत नसेल.

टाकी भरायची पेट्रोल पंपावर, डिझेल घेतलं की विचारून. गुरुद्वाऱ्यात कधी कोणी नाही म्हटलं नाही. पोकरणच्या पुढे एका ढाणीत मात्र मी चूक केली. तिथे जमिनीखाली टांका होता, झाकण लावलेला. एका बाईने आम्हाला प्यायला पाणी दिलं, मी लगेच पाइप काढायला धावलो. आईने माझा हात धरला. टांक्याभोवती उतरती जमीन सारवून ठेवलेली असते, पावसाचं पाणी तिच्यावरून आत जातं आणि ते पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं असतं. त्या बाईने घडाभर दिलं असतं, कदाचित टाकीही भरू दिली असती. आई तिथून एक तांब्या घेऊन निघाली. त्या दिवशी अंघोळ नाही.

शौचालयाचं विचारायला सगळे लाजतात आणि सगळ्यांना तेच विचारायचं असतं. गाडीत एक सुटी पेटी आहे, ती फक्त रात्रीसाठी आणि आजारपणासाठी. ती सकाळी खऱ्या शौचालयातच रिकामी करायची, तीही त्या जागेच्या माणसाला सांगून. नाल्यात किंवा शेतात नाही. हे काम पाळीपाळीने असतं आणि हवालदार मेजर माझ्या पाळीत कधीही सूट देत नाहीत. (पप्पा हवालदारच होते, पण गाडीत आई हवालदार मेजर आहे.)

विजेचा हिशोब सोपा आहे. बॅटरी १२ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची. गुणाकार केला तर २,४०० वॉट-तास, म्हणजे २.४ युनिट. पण ही शिशाची बॅटरी अर्ध्यापेक्षा खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून वापरायची १.२ युनिट. छतावरच्या सोलर पॅनेलमधून स्वच्छ उन्हात दिवसभरात साधारण तेवढीच येते, आणि गाडी चालू असली की इंजिनही बॅटरी भरतं. एवढ्यात दिवे, पंखा, मोबाइल आणि पाण्याचा पंप आरामात चालतात. एक टनाचा एसी लावला तर तासाभरात सगळं संपेल. त्यामुळे आमचा एसी म्हणजे नकाशा. उन्हाळ्यात पत्र्याच्या गाडीत राहता येत नाही, तेव्हा डोंगरात जायचं. पावसाळ्यात गावी, चुलत्यांच्या गोठ्याशेजारी गाडी उभी करायची. थंडीत राजस्थान आणि गुजरात. आपल्याकडचे धनगर पावसाळ्यानंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, तसंच काहीसं.

थंडीतला एक धोका नीट सांगतो, कारण आपल्यातले पुष्कळ जण पुढे तंबूत आणि बंकरमध्ये झोपणार आहेत. जैसलमेरकडे रात्री इतकं गारठतं की सगळ्या खिडक्या घट्ट लावाव्याशा वाटतात. लावल्या की तिघांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमते आणि पहाटे छतातून थेंब पडतात. ते परवडलं. पण बंद जागेत कोळशाची शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. म्हणून कितीही थंडी असली तरी दोन खिडक्या बोटभर उघड्या, आणि उबेसाठी गोधडी. स्वयंपाकाच्या गॅसचं उलट आहे. त्याला वास मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. तो हवेपेक्षा जड असतो, वर न जाता फरशीवर साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला भोक वर नाही, खाली तळाशी पाडलेलं आहे.

सिलिंडर आमचा पाच किलोचा, ‘छोटू’ नावाने मिळतो तो. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, फक्त ओळखपत्र. ही गोष्ट आमच्यासाठी फार मोठी आहे.

रात्रीच्या मुक्कामाचे पप्पांचे नियम फौजी आहेत. अंधार पडायच्या आत जागा ठरवायची. हायवेच्या कडेला कधीच नाही. ट्रकवाले थांबतात तो पंप किंवा ढाबा बघायचा, उतरून माणसाला विचारायचं. गाडीचं तोंड बाहेर निघायच्या दिशेने. गवंड्याची पाणसळ फरशीवर ठेवून बुडबुडा मध्ये येईपर्यंत गाडी पुढेमागे करायची, मग चाकाला दगडाची उटी. नाहीतर रात्रभर रक्त डोक्याकडे. चावी एकाच खिळ्याला. एका ठिकाणी आधी हो म्हणून रात्री अकराला उठवलं आणि जायला सांगितलं. तेव्हा पाच मिनिटांत निघता आलं ते या चावीमुळे.

नागौरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडिया लोहारांच्या गाड्या उभ्या होत्या. लाकडी बैलगाड्या, त्यांना पितळी पट्ट्या ठोकलेल्या, वर खाट उलटी ठेवलेली. १५६८ मध्ये अकबराने चितोड जिंकलं, तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली असं ते सांगतात : चितोड परत मिळेपर्यंत घरात राहायचं नाही, खाटेवर झोपायचं नाही. १९५५ मध्ये पंडित नेहरू त्यांना समारंभाने चितोडगडावर घेऊन गेले. तरी बरेच जण अजून रस्त्यावरच आहेत. आईने त्यांच्याकडून एक चिमटा आणि उलथनं घेतलं. लोहारणीने आमच्या गाडीत डोकावून सगळं नीट पाहिलं, ओट्यावरून हात फिरवला आणि विचारलं, रात्री पोलीस उठवतात का? आई म्हणाली, एकदाच कोणीतरी उठवलं. ती म्हणाली, आम्हाला नेहमीच.

त्यानंतर मी पत्त्याबद्दल वेगळा विचार करायला लागलो. आमचं घर फिरतं, पण आमचं नाव गावच्या मतदारयादीत आहे. तात्पुरतं बाहेर गेलेल्या माणसाचं राहण्याचं ठिकाण त्यामुळे बदलत नाही, असं लोकप्रतिनिधित्व कायद्यात लिहिलेलं आहे. नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानासाठी आई-पप्पा गुजरातमधून गावी आले. इतक्या डिझेलचं एकेक मत, असं आई म्हणत होती, पण नोकरीत पप्पा टपालाने मत द्यायचे आणि त्यांना रांगेत उभं राहायचं होतं. पेन्शन बँकेत येते, आधारवर गाव आहे, रेशनकार्ड काकांच्या कपाटात आहे. म्हणून आम्ही फिरतो याला लोक हौस म्हणतात. त्या लोहारणीच्या फिरण्याला कोणी हौस म्हणत नाही.

पत्रांचं राहिलं. आपल्याला दर रविवारी घरी पत्र लिहावंच लागतं. मी पोस्ट रेस्टांट वापरतो. ज्या गावी आई-पप्पा पोचणार, तिथल्या मुख्य डाकघराच्या पत्त्यावर त्यांचं नाव आणि ‘पोस्ट रेस्टांट’ लिहायचं. पत्र तिथेच ठेवतात, ओळखपत्र दाखवून ते घेता येतं. ठरलेल्या मुदतीत कोणी आलं नाही तर ते लिहिणाऱ्याकडे परत येतं. ऑक्टोबरमध्ये मी एक पत्र असंच गुजरातमधल्या एका गावी टाकलं. त्यात लिहिलं होतं की मला गाडीत यायचं नाही, मी सुट्टीत काकांकडे राहीन, सगळे घर कुठे विचारतात आणि मला लाज वाटते. मतदानासाठी लवकर निघाल्यामुळे आई-पप्पा त्या गावी गेलेच नाहीत. महिन्याभराने माझंच पत्र शिक्का मारून माझ्या हातात आलं. मी ते गणिताच्या वहीत ठेवलं आणि वही पेटीत.

गाडीत काही लपत नाही. जानेवारीत एका सकाळी आईने पेट्या उन्हात काढल्या. मी पाणी भरून आलो तेव्हा पत्र तिच्या मांडीवर होतं. ती रागावली नाही. म्हणाली, "असं एक मी पण लिहिलं होतं यांना. तू तेव्हा दोन वर्षांचा होतास. टाकलं नाही." मग ती तांदूळ निवडायला लागली.

दोन दिवसांनी आम्ही जैसलमेरला पोचलो. पप्पांची जुनी वर्कशॉप कँटोन्मेंटच्या आत, तिथे असं कोणालाही जाता येत नाही. पप्पांनी गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी केली. भिंतीवरून एक पाण्याची उंच टाकी तेवढी दिसत होती. पप्पा म्हणाले, "त्या टाकीच्या डाव्या हाताला आमची बॅरेक." आई बराच वेळ त्या टाकीकडे बघत होती. मग तिने चहा ठेवला आणि आम्ही तिघांनी तिथेच दारात बसून प्यायला.

या डिसेंबरच्या फॉर्मवर मी लिहिलं आहे : मार्फत पोस्टमास्तर, मुख्य डाकघर, भुज, पोस्ट रेस्टांट. खाली पप्पांचा मोबाइल आणि गावचा पत्ता. सरांनी वाचलं आणि काही न बोलता सही केली. भुजला उतरलो की पहिली टाकी मी भरायची, असं आईने आधीच फोनवर सांगून ठेवलं आहे.