सहा राण्या, सहा माइक: ‘सिक्स’ बघण्याआधीच्या तीन शंका

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी एपिसोड आहेच, पण बस-लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही म्हणून वाचणारेही बरेच आहेत. त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना पाल्हाळ झालं होतं, ते इथे जरा आवरून घेतलंय.

आजचा विषय आहे ‘सिक्स’ नावाचं इंग्रजी म्युझिकल. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, त्याच्या सहा बायका, आणि त्या सहाही जणी पॉपस्टार होऊन स्टेजवर. म्हणजे चक्क कॉन्सर्ट! राजा नाही, दरबार नाही, पडदा पाडून सीन बदलणं नाही. सहा माइक, चार बायकांचा लाइव्ह बँड, ऐंशी मिनिटं, मध्ये इंटरव्हल नाही.

लंडनला स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर वॉदेव्हिल थिएटर आहे, तिथे मी हे बघितलं. तिकीट मैत्रिणीनं काढलेलं. माझ्या मनात तीन शंका होत्या. त्या अगदी रास्त आहेत आणि तुमच्याही मनात येतील, म्हणून त्या एकेक करून घेऊ. काहींचं उत्तर मिळालं, एक अजूनही अर्धवट आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

आठवा हेन्री १५०९ ते १५४७ असा गादीवर होता. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांना त्याच्या बायकांचा क्रम लक्षात राहावा म्हणून एक यमक शिकवतात. प्रत्येक राणीला एकच शब्द, आणि तो शब्द म्हणजे तिचा शेवट कसा झाला ते. विचार करा, अख्खं आयुष्य जगून झाल्यावर तुमच्या नावापुढे फक्त एक क्रियापद उरतं. आणि तेही नवऱ्यानं काय केलं त्याचं!

टोबी मार्लो आणि लुसी मॉस हे दोघं केंब्रिजमध्ये शिकत होते तेव्हा त्यांनी हे लिहिलं. २०१७ साली एडिनबरा फ्रिंज महोत्सवात विद्यार्थ्यांनीच ते केलं. २०१८ मध्ये गाण्यांचा अल्बम आला आणि मोबाइलवर ऐकून ऐकून लोकांना गाणी पाठ झाली. त्यामुळे पुढे थिएटरात येणारे बरेच प्रेक्षक सोबत गुणगुणतच यायचे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १२ मार्च २०२० ला शुभारंभ ठरलेला, आणि नेमकी त्याच दिवशी कोविडमुळे थिएटरं बंद झाली. शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये ते उघडलं. २०२२ च्या टोनी पुरस्कारांत संगीत-गीतांसाठी आणि वेशभूषेसाठी असे दोन पुरस्कार मिळाले.

शंका पहिली: मुंडकं उडवलं त्यावर नाचायचं?

सहापैकी दोघींचा शिरच्छेद झाला. ॲन बोलिनचा १५३६ मध्ये, कॅथरिन हॉवर्डचा १५४२ मध्ये. यावर डिस्को लाइट आणि टाळ्या? ऐकूनच कसंतरी होतं.

आता गंमत बघा. प्रत्येक राणीची गाण्याची ढब आजच्या गायिकांवरून घेतलीये. पहिली राणी कॅथरिन ऑफ ॲरागॉन बियॉन्सेच्या थाटात येते. जेन सीमोर ॲडेलसारखं संथ, गळा भरून येणारं गाते. ॲन बोलिनमध्ये लिली ॲलनचा खट्याळपणा आहे. म्हणजे पात्राची ओळख करून द्यायला पानभर संवाद लागत नाहीत. दोन ओळी गायली की ही बाई कोण, तिचा स्वभाव काय, हे तुमच्या कानाला आधीच कळलेलं असतं. ॲन बोलिन स्वतःच्या मरणावर विनोद करते तेव्हा लोक हसतात, हेही खरं. इथपर्यंत माझी शंका कायम होती.

मग पाचवी राणी येते, कॅथरिन हॉवर्ड. गाण्याचं नाव ‘ऑल यू वॉना डू’. सुरुवात एकदम चटपटीत, ब्रिटनी स्पिअर्सच्या जुन्या गाण्यांसारखी. पब्लिक ठेका धरतं. पहिल्या कडव्यात संगीतशिक्षक, दुसऱ्यात घरातला आणखी एक पुरुष, तिसऱ्यात राजा, चौथ्यात दरबारातला एक जण. प्रत्येक वेळी तिला वाटतं, हा वेगळा असेल. प्रत्येक वेळी तेच होतं.

पॉप गाण्यात ध्रुवपद परत परत येतं, कारण ते डोक्यात बसावं. इथे तेच ध्रुवपद दर वेळी परत येतं आणि दर वेळी त्याचा अर्थ काळा होत जातो. नाचात बाकीच्या राण्यांचे हात तिच्या अंगावर येतात. आधी दोन, मग चार, मग ती ते झटकून टाकू शकत नाही इतके. चाल तीच, ठेका तोच, आणि थिएटरात टाळ्या हळूहळू थांबतात. आपण मघाशी कशावर ठेका धरला होता, ते कळतं ना तेव्हा.

खरा इतिहास याहून सौम्य नाही. तिचं जन्मवर्ष नक्की नोंदलेलं नाही, पण मेली तेव्हा ती जेमतेम विशीच्या आसपास होती. संगीतशिक्षक हेन्री मॅनॉक्सनं तिच्याशी लगट केली तेव्हा ती अगदीच कोवळी पोर होती. राजानं तिच्याशी लग्न केलं तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा. पुढे आरोप झाले, तेव्हा रीतसर खटलाही चालवला नाही. पार्लमेंटनं कायदा करून तिला दोषी ठरवलं. त्याच कायद्यात असंही घातलं, की पूर्वायुष्य लपवून राजाशी लग्न करणं हा राजद्रोह. म्हणजे लग्न आधी, गुन्हा नंतर तयार केला!

शेकडो वर्षं तिची ओळख ‘चंचल पोरगी’ अशीच होती. साडेचार-पाच मिनिटांचं एक गाणं तीच घटनावळ घेतं आणि विचारतं, यात मोठी माणसं कोण होती? पहिल्या शंकेचं उत्तर मला इथे मिळालं. पॉप म्हणजे उथळ असायलाच हवं असं नाही, ते वापरणाऱ्यावर आहे.

(लहान भावंडांना घेऊन बघणार असाल तर या गाण्याबद्दल आधी बोलून ठेवा.)

शंका दुसरी: इतिहास किती खरा?

इथे सरळ हिशेब करू.

खरं काय आहे? ॲरागॉनची कॅथरिन हेन्रीची चोवीस वर्षं बायको होती, आणि त्याआधी त्याच्याच मोठ्या भावाची विधवा. जेन सीमोर मुलाला जन्म देऊन बारा दिवसांनी गेली, ऑक्टोबर १५३७ मध्ये. ॲन ऑफ क्लीव्जचं चित्र होल्बाइननं काढलं, राजानं ते पाहून लग्न ठरवलं, प्रत्यक्षात ती आवडली नाही म्हणून सहा महिन्यांत लग्न मोडलं. शोमध्ये याला प्रोफाइल फोटोचा किस्सा करून टाकलाय, आणि खरं सांगू, ती उपमा फिट बसते.

सोपं काय करून टाकलंय? एक म्हणजे ‘घटस्फोट’. कायद्यानं ते घटस्फोट नव्हतेच, लग्नं रद्दबातल ठरवली होती, म्हणजे ‘लग्न झालंच नव्हतं’ असं जाहीर केलं. ॲन बोलिनचंही लग्न शिरच्छेदाच्या दोन दिवस आधी रद्द केलं गेलं. मग लग्नच नव्हतं, तर नवऱ्याशी बेइमानी केल्याचा आरोप कसला? पण मान गेलीच.

दुसरं, ॲन ऑफ क्लीव्ज. शोमध्ये ती मजेत आहे, मोठा महाल, पैसा, डोक्यावर नवरा नाही. तिला रिचमंड पॅलेस मिळाला, सहा जणींत ती सगळ्यात शेवटी, १५५७ मध्ये गेली, हे खरंच. पण परक्या देशात एकटी असलेल्या बाईनं ‘नाही’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, ही भीती त्या झगमगाटात दिसत नाही.

तिसरं, राजकारण जवळजवळ गायब. पहिलं लग्न मोडण्याच्या भानगडीत इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं, देशाचा धर्म बदलला. ते इथे एखाद-दोन ओळींत उरकतं.

म्हणजे हे परीक्षेसाठीचं गाइड नव्हे. पण बाहेर पडताना माझ्यासकट आजूबाजूच्या कितीतरी जणांच्या हातात फोन होते आणि राण्यांची नावं शोधणं चालू होतं. धडा ऐंशी मिनिटांत संपला, पण वाचायची भूक लागली.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ आलं. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. कीर्तन, दशावतार, तमाशा या लोकांच्या अंगवळणी पडलेल्या प्रकारांतून त्यांनी पेशवाईतली सत्ता दाखवली, आणि नाना फडणवीसांच्या चित्रणावरून मोठं वादळ उठलं. पोवाडासुद्धा काय, इतिहास गाऊनच सांगायचा ना? डफ-तुणतुण्याच्या जागी सिंथेसायझर आला म्हणून लगेच पाप होत नाही. प्रश्न एवढाच की गाणारा कोणाच्या बाजूनं उभा राहतो.

शंका तिसरी: बायकांची भांडणंच दाखवायची?

शोचा खेळ असा: सहा जणींत स्पर्धा आहे. राजामुळे जिचे सगळ्यात जास्त हाल झाले, ती बँडची लीडर. मग ‘तुझं काय, माझं बघ’ सुरू होतं. हे बघताना मी वैतागले होते. दुःखाची कसली आलीये मेरिट लिस्ट?

शेवटची राणी कॅथरिन पार हेच विचारते. ती स्पर्धेत उतरायलाच नकार देते. तिचं दुसऱ्यावर प्रेम होतं, पण राजाला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती, हे ती सांगते. आणि मग सांगते की मी लिहीत होते. हे खरंय. १५४५ मध्ये तिचं प्रार्थनांचं पुस्तक तिच्या स्वतःच्या नावानं छापलं गेलं, इंग्लंडमध्ये एखाद्या बाईचं स्वतःच्या नावानं इंग्रजीत छापलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. शाळेच्या यमकात तिच्या वाट्याला काय आलं? ‘वाचली’, एवढंच.

मग कळतं की स्पर्धा हा सापळा होता, आणि टाळ्या वाजवून आपणच त्यात नंबर देत होतो. सहा जणींची तुलना करायची सवय आपल्याला कोणी लावली, हा खरा मुद्दा.

पण ही शंका पूर्ण मिटली नाही. शेवटच्या गाण्यात त्या सगळ्या स्वतःचं आयुष्य नव्यानं रचतात, जणू हेन्री नसता तर काय झालं असतं. सुखद आहे, नाचायला लावणारं आहे. पण स्पर्धेला साठेक मिनिटं आणि ती मोडायला शेवटची काही, हा हिशेब मला थोडा घाईचा वाटला. शिवाय खऱ्या आयुष्यात कोणालाही ते शेवटचं गाणं मिळालं नाही.

मग बघायचं का?

बघायला मिळालं तर जरूर बघा. नाही मिळालं तर अल्बम क्रमानं ऐका, शफल बंद करून. क्रम महत्त्वाचा आहे, नाहीतर पाचव्या राणीचं गाणं पार्टीत लावाल आणि कळणारही नाही काय लावलंय.

आणि एक छोटा गृहपाठ. आपल्या इतिहासातली अशी एक बाई निवडा, जी तुम्हाला फक्त कोणाची तरी बायको, आई किंवा मुलगी म्हणून माहितीये. तिनं स्वतः काय केलं, याची तीन वाक्यं शोधा. सापडली तर आम्हाला पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. नाही सापडली, तर तेही कळवा. का सापडली नाहीत, यावर आपल्याला एक अख्खा एपिसोड करता येईल.

भेटू पुढच्या शुक्रवारी!